पंपिंग कळले, व्रणाचे काय?

हृदयविकाराच्या रुग्णाला भेटायला जाणाऱ्या मराठी माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘ब्लॉकेज किती निघाले?’ आणि ‘पंपिंग किती आहे?’ दोन्हींची उत्तरे टक्क्यांत येतात, म्हणून ऐकणाऱ्याला सगळे समजल्यासारखे वाटते. ‘पंचावन्न आहे’ म्हटले की घरचे चहा मागवतात. ‘तीसवर आलंय’ म्हटले की व्हरांड्यात कुजबुज सुरू होते. नातेवाइकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांचे मोठे आणि महागडे निर्णयही गेली वीस-पंचवीस वर्षे याच आकड्याभोवती घुटमळत आले आहेत. तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते: हृदयाच्या स्नायूत व्रण आहे का, आणि असला तर कुठे?

पंपिंग, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ईएफ, हा डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचा वाटा. टूडी एकोवर तो दहा-पंधरा मिनिटांत मिळतो, तालुक्याच्या गावीही मिळतो. त्याचे महत्त्व नाकारायचे कारण नाही. पण तो परिणामाचा आकडा आहे, कारणाचा नव्हे. परीक्षेतल्या सरासरी टक्केवारीवरून पोर गणितात नापास आहे की इतिहासात, हे कळत नाही; तसेच हे. दोघांचे ईएफ पस्तीस असू शकते. एकाचा स्नायू विषाणूमुळे, दारूमुळे किंवा वर्षानुवर्षे न तपासलेल्या रक्तदाबामुळे थकलेला असतो, पण जिवंत असतो. नीट औषधे चालू केली की वर्षभरात तोच आकडा पन्नासवर जाऊ शकतो. दुसऱ्याच्या भिंतीचा मोठा भाग मरून तिथे तंतुमय ऊती भरलेली असते. ती ना आकुंचन पावते, ना कुठल्या गोळीला दाद देते. एकोच्या पडद्यावर दोघांची भिंत सारखीच मरगळलेली दिसते.

हा फरक दाखवणारी तपासणी पंचवीस वर्षांपासून उपलब्ध आहे. हृदयाचा एमआरआय करताना हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे द्रव्य सोडतात. हे द्रव्य धडधाकट पेशीच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत फिरते आणि तिथून लवकर धुऊन निघते. जिथे पेशी मेल्या आहेत आणि जागा तंतूंनी भरली आहे तिथे मधली जागा मोठी असते, तिथे ते अधिक साचते आणि रेंगाळते. म्हणून इंजेक्शन दिल्यावर साधारण दहा मिनिटे थांबून मग ‘उशिराची’ चित्रे घेतात. त्याआधी तंत्रज्ञ यंत्राची वेळ मिलिसेकंदांत अशी जुळवतो की निरोगी स्नायूकडून येणारा संदेश शून्यावर यावा. स्नायू काळाकुट्ट दिसतो आणि व्रण त्यात पांढरा उमटतो. रुग्ण तेवढा वेळ अरुंद बोगद्यात, छातीवर ईसीजीच्या तारा आणि जड कॉइल घेऊन, कानांत यंत्राची ठकठक आणि मधूनच ‘श्वास सोडा, रोखून धरा’ ही आज्ञा ऐकत पडलेला असतो. पाऊण तास, कधी त्याहून अधिक. ज्याला धाप लागते त्याच्यासाठी ही सोपी गोष्ट नाही, आणि ज्याचे ठोके अनियमित त्याची चित्रे हलतात. या अडचणी खऱ्या आहेत, पण जगभर रोज त्यांच्यावर मात केली जाते.

या चित्राची किंमत शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेमंड किम, रॉबर्ट जड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिली. आधी प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी सिद्ध केले की एमआरआयवर जे पांढरे दिसते ते आणि प्रत्यक्ष मेलेला स्नायू यांच्या कडा जुळतात. मग २००० सालच्या नोव्हेंबरात त्यांचा रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या आधी त्यांनी हृदयाच्या एकेका तुकड्यात व्रण भिंतीच्या किती जाडीपर्यंत पोहोचला आहे ते मोजले आणि रक्तपुरवठा सुधारल्यानंतर तो तुकडा पुन्हा हलू लागला का ते पाहिले. नीट न हलणाऱ्या ज्या तुकड्यांत व्रण मुळीच नव्हता त्यांतले ७८ टक्के सुधारले. ज्यांत व्रणाने पाऊणपेक्षा अधिक जाडी व्यापली होती अशा ५८ तुकड्यांपैकी सुधारला फक्त एक. एवढा स्वच्छ निकाल वैद्यकात वारंवार हाती लागत नाही.

व्रणाची जागा आणि ठेवण हीसुद्धा बोलते, आणि या तपासणीतला माझ्या मते सर्वांत रंजक भाग तोच. धमनी बंद पडून आलेल्या झटक्याचा व्रण नेहमी भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेर सरकतो, कारण रक्ताअभावी पहिला बळी आतला थर पडतो. मायोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयस्नायूच्या दाहाचा, व्रण बहुधा बाहेरच्या थरात असतो. हृदय फुगत जाण्याच्या आजारात व्रण असलाच, तर बहुधा भिंतीच्या बरोबर मधोमध पांढरी रेघ उमटते. ॲमिलॉइडच्या रोगात तर तंत्रज्ञाची वेळच जुळेनाशी होते. काळा व्हायला हवा तो स्नायू काळा होतच नाही, आणि तेच निदान ठरते. छातीत दुखून आलेल्या, अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या निघालेल्या पस्तिशीच्या माणसाला ‘तुम्हाला काही नाही, ताण घेऊ नका’ म्हणून घरी पाठवण्याऐवजी हे चित्र पाहिले तर त्याला झटका येऊन गेला होता की दाह झाला होता, हे सांगता येते. दोन्हींची औषधे वेगळी, पुढची काळजीही वेगळी.

आता भाकिताकडे वळू. हृदय अचानक थांबून येणाऱ्या मृत्यूमागे बऱ्याचदा व्रणाचाच हात असतो. व्रणाच्या कडेला आणि पोटात जिवंत पेशींचे काही धागे शिल्लक राहतात. त्यांतून विजेचा संदेश रखडत जातो, वळसा घेऊन मागे फिरतो आणि त्याच वर्तुळात फिरत राहतो. ठोके मिनिटाला दोनशेवर जातात, मग नुसती थरथर उरते. हे थांबवणारे यंत्र म्हणजे आयसीडी: गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेली, गरज पडली तर आतूनच झटका देणारी डबी. ती कोणाला बसवायची, याचा नियम मात्र २००२ आणि २००५ मधल्या दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांवरून ठरला. त्यांत पहिल्या चाचणीत ईएफ ३० किंवा कमी असलेले आणि दुसऱ्या चाचणीत ३५ किंवा कमी असलेले रुग्ण घेतले होते. तेव्हापासून पस्तीस हा आकडा जणू लक्ष्मणरेषा होऊन बसला.

या रेषेचे दोन्ही बाजूंनी हसे झाले आहे. २००५ च्या त्या चाचणीतल्या ८११ आयसीडीधारकांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा पावणेचार वर्षांत योग्य कारणासाठी झटका मिळालेले निघाले २२ टक्के. आणि नको असताना झटका बसलेले १७ टक्के. शुद्धीवर असताना बसलेला तो झटका काय असतो, हे ज्याला बसला त्यालाच विचारावे. रेषेच्या पलीकडची गत आणखी वाईट. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात अचानक दगावलेल्यांचा अभ्यास झाला. ज्यांचे ईएफ आधी मोजलेले होते त्यांपैकी जेमतेम ३० टक्क्यांचे ते फार घटलेले होते. उरलेले बहुसंख्य लोक नियमाप्रमाणे ‘सुरक्षित’ होते आणि तसेच गेले.

इथे व्रणाचे चित्र कामी येते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदय फुगलेले ४७२ रुग्ण होते. त्यांपैकी १४२ जणांत भिंतीच्या मधोमध व्रण दिसला. सुमारे पाच वर्षांत व्रण असलेल्यांपैकी २६.८ टक्के दगावले, व्रण नसलेल्यांपैकी १०.६ टक्के. अचानक मृत्यू किंवा त्यातून थोडक्यात वाचणे हे पाहिले तर अंतर आणखी रुंद: २९.६ टक्के विरुद्ध ७ टक्के. ईएफ हिशेबात घेऊनही हा फरक उरला. म्हणजे व्रण पंपिंगची री ओढत नव्हता, स्वतःचे काही सांगत होता. स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारातही, ज्यात धडधाकट तरुण खेळाडू मैदानावर कोसळतात, २०१४ मधल्या १,२९३ रुग्णांच्या अभ्यासात डाव्या कप्प्याच्या वजनाच्या १५ टक्के किंवा अधिक व्रण असणाऱ्यांचा अचानक मृत्यूचा धोका दुप्पट आढळला. आणि त्यांतले कित्येक इतर निकषांवर कमी धोक्याचे होते.

व्रण असल्याची रुग्णाला कल्पनाही नसते, हेही आहेच. आइसलँडमधल्या ६७ वर्षे आणि त्यापुढच्या ९३६ नागरिकांचा एमआरआय केला तेव्हा झटका येऊन गेल्याची नोंद असलेले ९१ निघाले, तर ज्यांना झटका आल्याचा पत्ताच नव्हता असे १५७. ईसीजीने यांतले थोडेच पकडले असते. पुढच्या सहा-साडेसहा वर्षांत या बेपत्ता झटकेवाल्यांपैकी २८ टक्के वारले, झटका न आलेल्यांपैकी १७ टक्के. मधुमेहींत असे छुपे झटके जास्त होते. मधुमेहाने घरोघरी ठाण मांडलेल्या आपल्या मुलखात ‘आमच्या बाबांना कधी छातीत दुखलंच नाही’ या वाक्यावर किती विसंबावे, याचा विचार वाचकांनी करावा.

एवढे वाचून कोणी उद्याच हृदयाचा एमआरआय करून घ्यायला निघत असेल, तर थांबावे. पुढे काय होणार हे सांगणे आणि ते टाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये ७०० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, ईएफ ३५ किंवा कमी आणि धमन्या अरुंद, पण स्नायू बऱ्यापैकी जिवंत, अशांना औषधांबरोबर अँजिओप्लास्टी देऊन पाहिली. २०२२ मध्ये निकाल लागला: मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दाखल होणे अँजिओप्लास्टीवाल्यांत ३७.२ टक्के, नुसत्या औषधांवर ३८ टक्के. त्याच रुग्णांची चित्रे नंतर तपासली. व्रण जितका मोठा तितका धोका अधिक, हे पुन्हा खरे ठरले. मात्र जिवंत स्नायू किती हे पाहून स्टेंटचा फायदा कोणाला होईल, हे काही सांगता आले नाही. शिकागोच्या त्या स्वच्छ निकालातून ‘तुकडा हलू लागेल’ एवढेच निघत होते. ‘माणूस अधिक जगेल’ हे आपण परस्पर जोडून घेतले होते.

आयसीडीचेही तेच. डेन्मार्कमधल्या १,११६ रुग्णांच्या २०१६ च्या चाचणीत, ज्यांचे हृदय धमन्यांखेरीज अन्य कारणाने दुबळे झाले होते अशांत यंत्राने अचानक मृत्यू निम्म्यावर आणले, पण एकूण मृत्यूंत ठोस फरक पडला नाही. त्यांतल्या ज्यांचा एमआरआय झाला होता त्या छोट्या गटात व्रणवाले जास्त दगावले, हे अपेक्षितच. परंतु व्रणवाल्यांना यंत्राचा फायदा अधिक झाल्याचे दिसले नाही. गट लहान होता, त्यावरून अखेरचा निकाल देणे घाईचे ठरेल. व्रण पाहून यंत्र बसवले तर माणसे वाचतात का, हे चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी करणाऱ्या चाचणीतूनच ठरेल, आणि तशा चाचण्या ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात हाती घेतल्या गेल्या आहेत. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने मात्र वाट न पाहता २०२२ मध्ये व्रणाला धोक्याच्या खुणांच्या यादीत बसवले आणि २०२३ मध्ये हृदयस्नायूच्या आजाराच्या पहिल्या तपासणीतच एमआरआयची स्पष्ट शिफारस केली. ते योग्यच झाले. निदानासाठी हे चित्र हवेच. यंत्राचा निर्णय एकट्या चित्रावर सोडू नये.

निरोगी माणसांच्या तपासणीत तर हे चित्र तापदायकच ठरते. २०२० च्या जुलैत फ्रँकफर्टहून बातमी आली की कोविडमधून बऱ्या झालेल्या शंभर जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयत काही ना काही दोष दिसला. जगभर घबराट पसरली, खेळाडूंचे हंगाम धोक्यात आले. महिन्याभरात त्या निबंधातल्या आकडेमोडीच्या चुका दुरुस्त कराव्या लागल्या, जरी लेखक मूळ निष्कर्षावर ठाम राहिले. पुढे अमेरिकी विद्यापीठांतल्या १,५९७ खेळाडूंची पद्धतशीर तपासणी झाली तेव्हा हृदयदाह निघाला ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्के. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे विकणाऱ्यांनी आपल्याकडे अजून या चित्राकडे फारसा मोर्चा वळवलेला नाही, ही इष्टापत्तीच म्हणायची.

आपली अडचण वेगळी आहे: जिथे हवे तिथेही ते होत नाही. जिल्ह्याच्या गावी आता एमआरआय केंद्राची पाटी दिसते, पण आत गुडघे, कंबर आणि मेंदू. हृदयासाठी ईसीजीशी ताळमेळ राखणारी प्रणाली लागते, त्यासाठीचे वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, श्वास आणि ठोके सांभाळत चित्र काढणारा मुरलेला तंत्रज्ञ लागतो. शिवाय एका हृदयाच्या वेळेत दोन-तीन मणके उरकतात, आणि कर्जावर घेतलेले यंत्र चालवणाऱ्याला हा हिशेब टळत नाही. त्यात चित्र वाचायचे कोणी, रेडिओलॉजिस्टने की हृदयरोगतज्ज्ञाने, ही दोन खात्यांमधली ओढाताण. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली आणि लोकांनी त्याचे स्वागत केले. ते बरोबरच होते. पण स्टेंट स्वस्त करताना, तो ज्या भिंतीसाठी घालायचा ती जिवंत आहे का, हे विचारण्याची सोय कोणी केली नाही. लाखांच्या घरातल्या आयसीडीच्या फायलीत एकोचा एक कागद पुरतो.

जिथे तपासणी होते तिथल्या अहवालांबद्दलही बोलायला हवे. ‘एलजीई पॉझिटिव्ह’, म्हणजे उशिराच्या चित्रात व्रण दिसला, एवढ्या दोन शब्दांनी काम उरकलेले अहवाल फिरताना दिसतात. कुठल्या भिंतीत, आतल्या थरात की मधोमध, सलग की ठिपक्याठिपक्यांनी, याचा पत्ता नाही. दुसरीकडे सगळा भर ‘व्रण अमुक टक्के’ यावर. तोही सापळाच आहे. लंडनच्याच गटाने २०१९ मध्ये ८७४ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात फुगलेल्या हृदयाचा धोका व्रणाच्या आकाराबरोबर सरळ रेषेत वाढत नव्हता. थोडासा व्रणही धोका वाढवायला पुरत होता, आणि दोन कप्प्यांमधला पडदा व बाहेरची भिंत या दोन्ही ठिकाणी व्रण असणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. पस्तीसच्या जागी पंधरा हा आकडा बसवून आपण शहाणे होणार नाही. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांचा गट व्रणाच्या कच्च्या चित्रांतूनच संगणकाला भाकीत शिकवतो आहे, ते याचसाठी: व्रणाची ठेवण एका टक्केवारीत मावत नाही. ते तंत्र इथल्या रुग्णांवर पारखले जाईपर्यंत किमान डोळ्यांना दिसते ते तरी नीट लिहावे.

ही तपासणी करून घेताना मूत्रपिंडांचाही विचार करावा लागतो. जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियम द्रव्यांमुळे मूत्रपिंडे निकामी असलेल्यांची कातडी आणि सांधे ताठरण्याचा आजार होतो, हे २००६ मध्ये उघड झाले. नव्या, अधिक घट्ट बांधणीच्या द्रव्यांत हा धोका अगदी कमी उरला आहे. तरी इंजेक्शनआधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि कोणते द्रव्य वापरणार ते विचारावे. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

सरकारी आरोग्य योजना आणि विमा कंपन्या यांच्याकडे मागणी एकच आहे. धमन्या मोकळ्या असूनही हृदय दुबळे झाले असेल, स्नायू जाड झाला असेल किंवा आयसीडीचा प्रस्ताव आला असेल, तर व्रणाच्या एमआरआयचा खर्च मंजूर करावा, आणि अहवालात व्रणाची जागा, थर व व्याप्ती लिहिलेली असल्याशिवाय केंद्राचे बिल देऊ नये. वैद्यकीय महाविद्यालयांतली यंत्रे आठवड्यातून एक दिवस हृदयासाठी राखून ठेवली तरी तंत्रज्ञांचा हात बसेल.

आणि वाचकांसाठी: घरातल्या कोणाची पेसमेकर किंवा आयसीडी बसवण्याची तारीख ठरली असेल, तर ‘व्रण पाहिला का?’ हा प्रश्न त्या तारखेच्या आधी विचारा. नंतर एमआरआय करता येतो, पण आयसीडीच्या डबीतल्या धातूमुळे साध्या पद्धतीने घेतलेल्या चित्रात हृदयाची पुढची भिंत आणि टोक झाकोळून जाते, आणि त्यावर उतारा असलेली खास तंत्रे फार थोड्या केंद्रांत आहेत.